पाणचक्कीची बाग: नववीच्या मुलांना तासाभरात काय दाखवावं?

प्रश्न (परिसर_शिक्षक, जालना)

नववीच्या ४० मुलांची परिसर भेट छत्रपती संभाजीनगरला न्यायची आहे. बीबी का मकबरा ठरलाच आहे, पाणचक्कीला (पाण्यावर चालणारी जुनी पिठाची चक्की आणि तिचं आवार) तासभर ठेवलाय. मुलं हौद बघतात, मासे बघतात, फोटो काढतात आणि परत येतात, तसं नको आहे. जागेचा इतिहास आणि बांधकाम नीट सांगायचं आहे. अडचणी अशा:

१. पाणचक्कीला पाणी आणणारी नहर (जमिनीखालचा जुना कालवा) मलिक अंबरची का? गाइड तसंच सांगतात.
२. १७४४ हे साल कशाचं? दर्ग्याचं, हौदाचं की बागेचं?
३. पंप नसताना कारंजं कसं उडायचं, हे मुलांना पटेल असं कसं सांगावं?

उत्तर १ (खडकीचा_नकाशा)

मलिक अंबरची नाही. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, आणि नहर-ए-अंबरी त्याने खडकी गावासाठी (या शहराचं जुनं नाव) काढली होती. पाणचक्कीला उत्तरेकडच्या डोंगरातून पाणी आणणारी नहर वेगळी. शहरात अशा बऱ्याच नहरी होत्या. तंत्र एकच असल्यामुळे सगळ्यांना 'अंबरी' म्हणायची सवय पडली आहे.

एका सालात ही जागा बसतच नाही. मूळ आहे सूफींचा तकिया, म्हणजे फकिरांचा मठ. बाबा पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे दोघेही नक्शबंदी या सूफी परंपरेतले, मध्य आशियातून आलेले. पलंगपोश १६९९ मध्ये वारले, मुसाफिर १७१५ मध्ये. हौद-कारंज्यांशी जमील बेग खानाचं नाव जोडलं जातं आणि १७४४ हे साल त्याच कामाचं सांगतात. म्हणजे मुसाफिर बाबांच्या पश्चात जवळजवळ तीस वर्षांनी. 'बाबांनी चक्की बांधली' हे वाक्य मुलांच्या वहीत गेलं तर खोडायला लावा.

तकियात फकीर, वाटसरू, विद्यार्थी यांची वर्दळ असायची. एवढ्या माणसांना पीठ लागायचं, म्हणून चक्की. बाग मागाहून आली, पाण्याच्या आधाराने.

मकबऱ्याशी तुलना नक्की करा. तिथे सुमारे ४५८ बाय २७५ मीटरच्या आवारात आखीव चारबाग (चार भागांत विभागलेली बाग) आहे, सगळं मधल्या कबरीकडे वळलेलं. इथे खाम नदीच्या काठावर अरुंद पट्टा मिळाला, चारबाग बसवायला जागाच नव्हती. म्हणून लांबोळा हौदच बागेचा कणा झाला, आणि मशीद, दर्गा, चक्की त्याच्या आजूबाजूला. मुलांना विचारा, "इथे मधोमध काय आहे?" इमारत नाही, पाणी आहे.

उत्तर २ (चुना_सुरखी)

हौदाच्या काठावरच थांबू नका. त्याच्या खाली मोठं दालन आहे, हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचं छत. उघडं असेल तर खाली नक्की न्या. उन्हाळ्यात वर पाणी असल्यामुळे खाली गारवा राहतो.

आता फळ्यावर गणित घाला. हौद साधारण १६४ फूट लांब, ३१ फूट रुंद. गुणाकार ५०८४ चौरस फूट. म्हणजे पाणी एक फूट चढलं की सुमारे १ लाख ४४ हजार लिटर, वजन १४४ टन. खालचे खांब एवढे जाडजूड का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

डागडुजीबद्दल दोन शब्द, कारण मुलं पांढरट पट्टे बघून विचारतीलच. अशा हौदाला आतून चुन्याचा गिलावा असतो. हौद उन्हाळ्यात कोरडा पडला की गिलावा तापतो, आक्रसतो, त्याला केसासारख्या भेगा जातात आणि पुन्हा भरला की खाली झिरपतो. मग कुणीतरी सिमेंट थापतं, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. सिमेंट कडक असतं, ओल बाहेर सोडत नाही. पाणी मागे अडकतं, क्षार विटेत आणि जुन्या चुन्यात साठतात आणि पापुद्रे सुटतात. आपला काळा दगड सहज दाद देत नाही, पण दोन दगडांमधला चुना भुगा होतो आणि दगड मोकळा होतो. पांढरा पट्टा दिसेल तिथे बोट लावायला सांगा: पावडर निघाली तर क्षार, घट्ट खरपुडी असेल तर पाण्यातल्या चुन्याचा थर.

योग्य पद्धत म्हणजे विरवून किमान दोन-तीन आठवडे मुरवलेला चुना, एक भाग. त्यात एक भाग सुरखी (विटेची भुकटी) आणि एक ते दीड भाग स्वच्छ वाळू. पातळ थर, आणि ओल्या गोणपाटाखाली पंधरा दिवस. घाई केली की फुटतो. गूळ, बेलफळ घालतात ते खरं, पण चुना कच्चा असेल तर बेलफळाने काही होत नाही.

उत्तर ३ (उतार_मोजणारा)

तिसऱ्या प्रश्नाला बोलून उत्तर देऊ नका, करून दाखवा. दोन लिटरची बाटली, तळ कापून उलटी. तोंडाला दीड मीटर पारदर्शक नळी, पंचरच्या दुकानात किंवा हार्डवेअरमध्ये मिळते. दुसऱ्या टोकाला रिकाम्या बॉलपेनचं टोक घट्ट बसवा. बाटली उंच धरा, टोक वर करा: कारंजं. ते बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत कधीच पोचत नाही, नळीच्या घर्षणात आणि हवेत थोडी उंची खर्च होते.

आता मुद्दाम नळीला मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा द्या आणि आत हवेचा बुडबुडा सोडा. धार बारीक होते किंवा थांबते. नहरीच्या वाटेवर जे उभे स्तंभ आहेत, ज्यांना जुने लोक बंबे म्हणतात, त्यांचं कारण हेच. पाणी स्तंभात वर चढतं, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत हवा निघून जाते, गाळ बसतो, आणि दुसऱ्या नळाने खाली उतरतं. शिवाय दाब तिथे कमी होतो, नाहीतर खापरी नळांचे सांधे उकलले असते. स्तंभ पाडला किंवा माथा बुजवला की पुढची लाइन रडायला लागते. उरलेलं काम वड-पिंपळाची मुळं करतात, सांध्यात केसाएवढी फट पुरते.

चक्कीचंही तेच. भिंतीवरून पाणी पडतं ती उंची साधारण २० फूट धरा, म्हणजे ६ मीटर. सेकंदाला १० लिटर पाणी असेल तर १० × ९.८ × ६, जवळपास ५९० वॅट. चक्कीच्या पंख्यात (पाण्याने फिरणाऱ्या चाकात) अर्धं वाया गेलं तरी ३०० वॅट उरतात. घरच्या मिक्सरपेक्षा कमी, पण रात्रंदिवस आणि फुकट.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्या. एप्रिलमध्ये नेलंत तर धारेचं वर्णनच करावं लागेल.

परिसर_शिक्षक

दिवाळीनंतरची तारीख धरतो. बाटलीचा प्रयोग आदल्या दिवशी वर्गातच घेतो, म्हणजे तिथे फक्त बंबे ओळखायचे राहतील. एक राहिलं: पाणचक्कीच्या आवारातल्या वडाचं वय ६०० वर्षं लिहू का?

खडकीचा_नकाशा

वय राहू द्या सर. त्याची मुळं कुठल्या बाजूला गेलीत ते वहीत काढायला लावा.