मदत हवी आहे: दिल्लीच्या वीजबिलातला 'एमडीआय' कसा मोजतात?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी बदलीमुळे आम्ही पुण्याहून दिल्लीला आलो. इथल्या बिलावर युनिटच्या शेजारी 'एमडीआय' असा एक रकाना असतो, आकडा किलोवॅटमध्ये. त्यावरूनच आता वीज कंपनीची नोटीस आली आहे: मंजूर भार 5 किलोवॅट आहे, तो 1 जुलैपासून 6 होणार.

एका किलोवॅटने काय बिघडतं असं वाटेल, पण इथे स्थिर आकार भारावर लागतो. 2 च्या वर 5 पर्यंत किलोवॅटमागे महिना 50 रुपये, आणि 5 ओलांडले की सगळ्याच किलोवॅटना 100. म्हणजे 250 चे थेट 600, अधिभार आणि कर वेगळे. पुण्यात आमच्या सिंगल फेज जोडणीला स्थिर आकार ठरलेला असायचा, त्यामुळे हा हिशोब घरात कुणालाच उलगडत नाहीये.

मागच्या उन्हाळ्यातले आकडे: मे 6.1, जून 6.8, जुलै 6.5, ऑगस्ट 6.3. थंडीत चारच्या आसपास. जूनमध्ये 720 युनिट झाली. महिन्याचे तासही 720, म्हणजे तासाला सरासरी एकच युनिट. मग 6.8 आलं कुठून? मीटर सदोष आहे का? की एसी सुरू होताना घेतो तो झटका मोजला जातो?

घरात दीड टनाचे तीन एसी, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे त्यांच्या खोलीतला एसी बंद ठेवा असं कृपया सुचवू नका.

प्रतिसाद:

ताई, मीटर ठीक असावा. युनिट म्हणजे महिनाभरात एकूण किती वीज वापरली ते. एमडीआय म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जड अर्ध्या तासाची सरासरी मागणी. मीटर दर अर्ध्या तासाची सरासरी काढतो आणि त्यातली सर्वांत मोठी तेवढी धरून ठेवतो. 6.8 म्हणजे कुठल्यातरी एका अर्ध्या तासात 3.4 युनिट गेली. एसीचा झटका क्षणाचा असतो, अर्ध्या तासाच्या सरासरीत त्याचं वजन नगण्य.

तो अर्धा तास बहुतेक संध्याकाळचा असणार. तापलेल्या खोल्यांत तिन्ही एसी एकदम लावले की तेच पाचच्या घरात जातात, वर इंडक्शनचे दीड-दोन. सासऱ्यांचा एसी चालूच राहू द्या. बाकीचे दोन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने लावा आणि त्या वेळचा स्वयंपाक गॅसवर करा. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण एकच संध्याकाळ चुकली तरी त्या महिन्याचा आकडा तोच राहतो.

नोटीस मात्र नियमात बसते. मागच्या आर्थिक वर्षातल्या सलग चार महिन्यांची सर्वांत मोठी सरासरी घेतात आणि अपूर्णांक सोडून देतात. तुमची 6.4 येते, म्हणून 6. हाच नियम तुमच्याही कामाचा आहे: यंदा सरासरी 5.9 आली तरी 5 च धरली जाईल. भार कमी करायला तुमची संमती लागते, तेव्हा पुढच्या वर्षीचं पत्र नुसतं फाइलला लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती:

खूप आभार, आता डोक्यात प्रकाश पडला. एक राहिलं: तिघांपैकी एकच एसी इन्व्हर्टरचा आहे, तो बैठकीच्या खोलीत. सासऱ्यांचा जुना आहे.

प्रतिसाद:

मग त्या दोघांची अदलाबदल करा. जुन्याचा कॉम्प्रेसर सुरू असेल तेव्हा पूर्ण भार घेतो आणि जूनच्या उकाड्यात तो फारसा थांबतच नाही. इन्व्हर्टर खोली गार झाली की मागणी बरीच उतरवतो, म्हणून दिवसभर चालणाऱ्या खोलीत तोच हवा. एसी उतरवून बसवणारा बोलवायचा तो उन्हाळ्याआधी, एप्रिलनंतर त्यांची वेळ मिळत नाही.