आजोबांची डोल, वल्ही, नांगर... कोळीवाड्यात छोटं म्युझियम करता येईल का?

डोलकराघरचा
नमस्कार मंडळी, आम्ही पालघर बाजूच्या कोळीवाड्यातले. आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, वडीलपण दर्यावरच, मी मात्र नोकरीला लागलो. आता घर पाडून नवं बांधायचंय तर माळ्यावरून सुताची जुनी डोल (समुद्रात बांधायचं पिशवीसारखं जाळं), दोन वल्ही, जाळं विणायची लाकडी सुई, होडीचा छोटा नांगर असं बरंच निघालं. भंगारवाला आलेला, आईने त्याला दारातूनच परत पाठवला. मच्छीमार सोसायटीची बर्फाची जुनी खोली रिकामी आहे, तिथं हे सगळं मांडावं असं आम्हा चार-पाच जणांच्या मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. डोलीचं सूत हात लावला तरी तुटतंय, धुवायची का तशीच ठेवायची?

खाडीकाठची
दादा, आईला नमस्कार सांगा! जाळं आपटून अजिबात धुवू नका. सुतात मुरलेलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि सूत आणखी कुजतं, म्हणून आधी एक छोटा कोपरा गोड्या पाण्यात भिजवून बघा, टिकला तरच पुढं, आणि सुकवायचं सावलीत. वल्ह्यांना ऑइलपेंट मारू नका प्लीज, आमच्याकडे एका होडीला उत्साहाने निळा रंग दिला आणि हाताने घासून गुळगुळीत झालेली जागाच दिसेनाशी झाली, अजून वाईट वाटतं. आणि एक वही करा, वस्तू कोणाच्या घरची, कधीची, तिने काय धरायचे, हे आजच लिहा.

दर्यापार
मी एडिंबराला असते. इथून जवळच फाइफच्या किनाऱ्यावर ॲन्स्ट्रदर नावाचं छोटं बंदर आहे, तिथलं स्कॉटिश फिशरीज म्युझियम १९६९ सालचं, बरंचसं काम गावचे स्वयंसेवकच करतात. त्यांच्याकडे १९०२ सालची 'रीपर' नावाची शिडाची बोट आहे, तीपण स्वयंसेवकच सांभाळतात. पण मला सगळ्यात भिडलं ते हेरिंग साफ करणाऱ्या बायकांचं. तिघींची टोळी, दोघी मासा चिरणार, एक पिंपात मिठाचे थर लावत भरणार, आणि सुरीने कापू नये, मीठ झोंबू नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. ते बघताना मला वलांडीवर बोंबील सुकत टाकणारी माझी आजीच आठवली. तुमच्या यादीत सगळं पुरुषांचं सामान आहे बघा, बायकांच्या पाट्या, कोयते, सुकवायच्या वलांडी कुठायत?
अजून एक, २००९ मध्ये या म्युझियमच्या पुढाकाराने २२ फुटी वल्ह्यांच्या होडीचं डिझाइन करून घेतलं, चौघं वल्हवणार आणि एक सुकाणूवर, आणि मग किनाऱ्यावरची गावंच्या गावं स्वतः लाकूड जोडून तशा होड्या बांधायला लागली.

भांगाची_भरती
वस्तू जमतील हो, पण त्या वापरायच्या कशा हे माहीत असलेली माणसं चाललीत. डोल खुंटाला कशी बांधायची, तिचं तोंड पाण्याच्या ओढीकडे कसं धरायचं, ओढ थांबली की पाणी उलटायच्या आत ती वर कशी घ्यायची, उधाणात जायचं आणि भांगाला, म्हणजे ओढ मंद असते तेव्हा, का थांबायचं, हे म्हाताऱ्यांकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, सगळे जाळी शिवत घरीच असतात. तेव्हाच बसा त्यांच्याजवळ. प्रश्न विचारत बसू नका, हातात सुई द्या, हात चालायला लागले की तोंडपण चालतं.

डोलकराघरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकांचं सामान खरंच डोक्यात आलं नव्हतं. काल आईला विचारलं तर ती उठून मागच्या पडवीत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला आजीचा कोयता घेऊन आली, पातं झिजून अर्ध्यावर आलेलं. मग ती तासभर बोलत होती, सूत कुजू नये म्हणून झाडाची साल उकळून त्या लाल पाण्यात जाळं कसं बुडवायचे, तिचे हात आठ-आठ दिवस लाल असायचे. मी फोन चालू ठेवला होता. वहीत पहिला नंबर कोयत्याला दिलाय.