विषय: पार्सल टॅक्सचं पत्रक

प्रेषक: सनीव्हेलचे काका

नमस्कार मंडळी,

शाळांसाठी प्रत्येक मालमत्तेवर बसवायच्या जादा कराचं, म्हणजे पार्सल टॅक्सचं, मतदानाचं पत्रक परवा दारात पडलं. मी 'नाही'वर खूण करणार. मुलं शिकून मार्गी लागली, १९९० साली घर घेतल्यापासून कर भरतोच आहे. पैसे कमी पडत नाहीत हो, उधळले जातात. कोजागिरीच्या मेलमध्ये राजकारण नको हे मान्य, पण विषय मी काढलेला नाही.

---

प्रेषक: गल्लीच्या टोकाची शेजारीण

काका, रागावू नका, पण हिशेब मांडते. घर तीन लाख डॉलरना घेतलं हे तुम्हीच मागच्या पाडव्याला सांगितलंत. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, कॅलिफोर्नियात थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) घराच्या कराचा मूळ दर १ टक्का, आणि घर विकेपर्यंत त्याची करापुरती किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. पस्तीस वर्षांत तीनाचे सहा लाख झाले, म्हणजे कर सहा हजार. आम्ही तीन वर्षांपूर्वी टाउनहाउस घेतलं पंधरा लाखांना. आमचा कर पंधरा हजारांच्या वर. लायब्ररी दोघांना एकच.

तेव्हाचे लोक उगाच चिडले नव्हते. किमती भराभर चढत होत्या, त्याबरोबर करही, आणि पेन्शनवरच्या माणसांच्या पोटात गोळा यायचा. जवळजवळ ६५ टक्के मतं पडली. पण त्या छत्रीखाली ऑफिसं आणि मॉलही शिरले. त्यातल्या मोठ्यांना तेवढं बाजारभावावर आणू, असं २०२० साली प्रॉप १५ म्हणत होतं. तेही ५२ विरुद्ध ४८ ने पडलं. आता शाळेच्या बोर्डाने पार्सल टॅक्स मागितला तर दोन तृतीयांश मतं लागतात. शंभरातले चौतीस 'नाही' म्हणाले की खेळ खलास.

लोकांना कर नकोच असतो असंही नाही. २०१२ मध्ये याच राज्याने कर वाढवणारं प्रॉप ३० मंजूर केलं, विक्रीकर पाव टक्का वाढत असूनही. मोठा भार गलेलठ्ठ पगारवाल्यांवर होता म्हणून, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. दुसऱ्याने भरायचा कर सगळ्यांनाच गोड लागतो.

आमची गंमत उलटी. आम्ही दोघं एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. घराचा कर भरतो, मत नाही. तुम्ही पासष्टीच्या पुढचे, अर्ज केलात की या करातून सूट (पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे). मत तुमचं, पैसे आमचे. तरी मीच म्हणतेय, 'हो' करा.

---

प्रेषक: सनीव्हेलचे काका

मागचं पान वाचलं नव्हतं. सूट आहे खरी.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापायचे. १९७५ ला रोजगार हमीसाठी सुरू केलेला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी पगाराच्या चिठ्ठीवरची ती ओळ दिसली की दर महिन्याला चडफडायचो. रक्कम किती, तर दोन वेळच्या चहाची.

उधळपट्टीबद्दलचं मत बदललेलं नाही. शाळांच्या सुपरिंटेंडंटचा (मुख्य अधिकाऱ्याचा) पगार एकदा बघ, मग बोलू. मतपत्रिका अजून फ्रिजवर आहे, टपालात टाकलेली नाही. आणि शनिवारच्या मसाला दुधाचं कुणी घेतलंय? नसेल तर मी आटवून आणतो.