टपालखर्च सगळ्यांना एकच लावायचा की पिनकोडप्रमाणे?

बी-३०४ : नमस्कार मंडळी. क्रोशाच्या खेळण्यांचं ऑनलाइन दुकान याच आठवड्यात सुरू करतेय. सगळं भरून झालं, पण शिपिंगच्या रकान्यापाशी अडलेय. दोनच पर्याय दिसतात : सगळ्यांना एकच दर किंवा पिनकोडप्रमाणे दर. यातला अनुभव कुणाला आहे का?

ए-५०१ : ताई, सरळ एकच दर ठेवा. पैसे भरायच्या पानावर रक्कम वाढलेली दिसली की गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरतं.

डी-४०२ : मी जुनी पुस्तकं विकतो, मला एकच दर अजिबात परवडत नाही. अडीच किलोचा गठ्ठा शेजारच्या जिल्ह्यात गेला तर ठीक. तोच देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला की सगळा नफा टपालात जातो.

ए-५०१ : मग ताईंचंही तेच होणार ना?

सी-१०२ : तेच होईल असं नाही. उभी हयात टपालात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्सलच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक म्हणजे ते खिडकीवर घेणं, नोंदवणं, छाटणी करणं म्हणजे गावाप्रमाणे वेगळं करणं आणि शेवटी दारात नेऊन देणं. पार्सल पुढच्या गावी जावो की हजार मैलांवर, हा भाग फारसा बदलत नाही. दुसरा भाग प्रत्यक्ष वाहतुकीचा. तो वजन आणि अंतर, दोन्हींमुळे वाढतो. म्हणून हलक्या पाकिटाला अंतराचा फरक थोडका पडतो आणि जड खोक्याला तोच फरक फार जाणवतो. अंतराप्रमाणे लावलेलं कुठलंही दरपत्रक उघडा. वरच्या हलक्या वजनांच्या ओळींत जवळचा आणि लांबचा दर यांत थोडाच फरक असतो. खाली जावं तसा तो वाढत जातो.

हे ओळखूनच टपालसुधारक रोलंड हिल यांनी मांडलेल्या योजनेप्रमाणे ब्रिटनमध्ये १८४० साली पत्राच्या दरातून अंतर काढून टाकलं. त्याआधी पत्राचा दर मैलांवर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा आणि बहुतेक वेळा तो घेणाऱ्याला भरावा लागायचा. हिल यांनी हिशेब करून दाखवलं की एका पत्राच्या नुसत्या वाहतुकीचा खर्च नगण्य असतो. खरा खर्च होतो तो प्रत्येक पत्राचे पैसे ठरवण्यात आणि वसूल करण्यात. आपल्याकडेही १८५४ पासून पत्राच्या दराचा अंतराशी संबंध राहिला नाही. पार्सलचं मात्र तसं झालं नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झालं तेच अंतराचे विभाग पाडून.

बी-३०४ : म्हणजे माझ्या खेळण्यांना आणि पुस्तकांना एकच नियम लागू नाही?

सी-१०२ : नाही. पुस्तकवाल्यांनी पिनकोड बघितल्याशिवाय दर सांगूच नये.

ए-२०१ : काका, हे विभाग नेमके कसे ठरतात? किलोमीटर मोजून?

सी-१०२ : मोजतात, पण तुमच्या दारापासून नाही. अमेरिकेचंच उदाहरण घ्या, तिथली पद्धत उघड आणि समजायला सोपी आहे. पहिला विभाग ५० मैलांपर्यंत, दुसरा १५० पर्यंत, तिसरा ३००, चौथा ६००, पाचवा १,०००, सहावा १,४००, सातवा १,८०० आणि त्यापुढे आठवा. नववा विभाग पॅसिफिकमधल्या काही दूरच्या बेटांसाठी. अंतर धरतात ते झिपकोडच्या, म्हणजे तिथल्या पिनकोडच्या, पहिल्या तीन आकड्यांवरून, म्हणजे छाटणीच्या हद्दीवरून. तुम्ही त्या हद्दीत कुठेही राहा, दराच्या दृष्टीने सगळे एकाच जागी.

यात नव्या विक्रेत्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की कुठलंही गाव मुळात ‘आठव्या विभागातलं’ नसतं. ते तुमच्यापासून आठव्या विभागात असतं. पाठवणाऱ्याची जागा बदलली की सगळा नकाशा बदलतो. किनाऱ्यावरच्या विक्रेत्याला समोरच्या किनाऱ्याला पाठवताना आठवा विभाग लागतो. देशाच्या मध्यावर कॅन्ससमध्ये बसलेल्याला मुख्य भूमीत तिथवर जावंच लागत नाही. दोघांचा माल तोच, मेहनत तीच, फरक फक्त पत्त्याचा.

ए-२०१ : आपल्या पिनकोडमध्येही पहिल्या तीन आकड्यांनी छाटणीचा जिल्हा कळतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू आहे. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच आपापला पिनकोड लिहून काढायची. देशभरच्या पत्त्यांचा गुंता ज्याने सहा आकड्यांत आणला, त्या माणसाचं नाव निदान मराठी घरांत तरी ठाऊक असायला हवं.

सी-१०२ : अगदी खरं, बाई.

ए-५०१ : मी कुरियरच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे एक सांगतो. ताई, खेळणी हलकी असतात म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच कुरियर कंपन्या आणि काही टपालसेवा खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. ३० × २० × २० चा खोका म्हणजे १२,००० भागिले ५,०००, म्हणजे २.४ किलो! आत सहाशे ग्रॅमचा ससा असला तरी.

बी-३०४ : अरे बापरे. मग ससा लांब गेला की २.४ किलोचा लांबचा दर?

ए-५०१ : हो. म्हणजे वजनाने तुम्ही हलक्या ओळीत, पण आकाराने पुस्तकांच्या ओळीत. म्हणून ज्यांच्याकडून पाठवणार, त्यांचा नियम आधी वाचा. जपानच्या टपालाची ‘यू-पॅक’ पार्सलं तर तीन बाजूंची बेरीज आणि कुठून कुठे जातंय, एवढ्यावरच ठरतात. वजन ठरावीक मर्यादेत असलं की झालं.

डी-४०२ : आणि जिथे अंतर न बघता एकच दर असतो तिथे माझ्यासारख्याने आधी धाव घ्यावी. जपानमध्ये ‘लेटर पॅक’ देशभर एकाच दराने जातो. अमेरिकेत ‘फ्लॅट रेट’ खोक्यात ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, देशांतर्गत दर एकच. पुस्तकांसाठी तिथे ‘मीडिया मेल’ आहे. हळू जातं, पण विभाग बघत नाही. आपण ज्या टपालसेवेतून पाठवतो तिथे पुस्तकांची किंवा छापील मजकुराची अशी वेगळी सोय आहे का, हे खिडकीवर विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

ताई, तुमच्यासाठी उलटं. हलकी आणि फुगीर वस्तू ‘फ्लॅट रेट’मध्ये घातली तर जवळच्या गिऱ्हाइकाला ती महाग पडते.

ए-२०१ : एक मात्र मनाला पटत नाही. डोंगरातल्या किंवा बेटावरच्या माणसाने जास्त पैसे का भरायचे? दुकानं त्याच्या जवळ नाहीत म्हणून तर तो ऑनलाइन मागवतो.

सी-१०२ : बाई, तुम्ही मुद्द्याच्या गाभ्यालाच हात घातलात. खर्च जास्त येतो हे खरं. शहरातल्या एका इमारतीत पोस्टमन एका फेरीत दहा पार्सलं देतो, वस्तीवर एका पार्सलसाठी अख्खी फेरी होते. मग तो भार कुणी उचलायचा, हा प्रश्न आहे. ब्रिटनने कायद्यानेच ठरवलंय की सार्वत्रिक सेवेत, म्हणजे सगळ्यांना द्यावीच लागणाऱ्या टपालसेवेत, दर देशभर एकच. २०११ च्या कायद्यातही ते कायम आहे. त्यामुळे तिथल्या टपालाचं, रॉयल मेलचं, पार्सल लंडनला आणि स्कॉटलंडच्या बेटावर एकाच दराने जातं. त्याच बेटांसाठी बऱ्याच खासगी कंपन्या वेगळा अधिभार लावतात. काही विक्रेते तर तिथे पाठवतच नाहीत.

म्हणून विकणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती : तुमची कुरियर कंपनी ‘या पिनकोडला सेवा नाही’ म्हणाली, तर ऑर्डर रद्द करू नका. टपालाने पाठवा. चार दिवस उशिरा पोचेल, पण पोचेल. असल्या पत्त्यांवर पार्सल घेताना माणसांना काय आनंद होतो, ते मी पाहिलं आहे.

बी-३०४ : नक्की, काका. आणि परदेशातून कुणी मागवलं तर? माझी मावसबहीण मागेच लागली आहे.

सी-१०२ : तिथे अंतराचा हिशेब जवळजवळ सुटतो. १८७४ साली बर्नमध्ये जागतिक टपाल संघटना स्थापन झाली, तेव्हा सगळे सभासद देश मिळून एकच टपालक्षेत्र मानायचं ठरलं. पाठवणारा देश पोचवणाऱ्या देशाला वाटपाचा मोबदला देतो आणि त्याचे दर देशांच्या गटाप्रमाणे असतात. त्यामुळे लांबचा देश स्वस्त आणि जवळचा महाग, असंही होतं. याच मोबदल्यावरून मोठा वाद झाला. चीनमधून अमेरिकेत आलेलं छोटं पाकीट अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवलेल्या पाकिटापेक्षा स्वस्त पडायचं आणि तिथले छोटे विक्रेते त्यात भरडले जायचे. अमेरिकेने २०१८ मध्ये संघटना सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या खास अधिवेशनात तडजोड झाली आणि जुलै २०२० पासून अमेरिका स्वतःचे दर लावू लागली.

ए-५०१ : आणि ताई, परदेशी टपालात दरापेक्षा सीमाशुल्काची काळजी जास्त. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून कमी किमतीच्या मालाची शुल्कमाफी बंद केली, तेव्हा अनेक देशांच्या टपालांनी तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं होतं. मावसबहिणीची ऑर्डर घेण्याआधी त्या दिवशीचा नियम बघा.

बी-३०४ : लिहून ठेवलं. आता असं करू का? कीचेन आणि बोटावरच्या बाहुल्या पातळ पाकिटात जातात, त्यांना सगळीकडे एकच दर. मोठी खेळणी पिनकोडप्रमाणे, पण तो आकडा वस्तूच्या पानावरच दाखवायचा, म्हणजे पैसे भरताना कुणी दचकणार नाही.

ए-५०१ : हे मला पटलं. माझा ‘एकच दर’ फक्त पाकिटांपुरता धरा.

डी-४०२ : आणि परत येणारी पार्सलं? पोचल्यावर पैसे देणारा दार उघडत नाही, तेव्हा बहुतेक कुरियरवाले जायचे आणि यायचे, दोन्हींचे पैसे घेतात. लांबच्या पत्त्यावर हा फटका मोठा बसतो. मी लांबच्या विभागांना आधी पैसे घेतो आणि तसं पानावर स्पष्ट लिहितो. आजवर त्यावर कुणी नाराज झालेलं नाही.

बी-३०४ : हेही घेते. काका, उद्या खोके घेऊन येऊ का तुमच्याकडे? कुठलं माप कशाला चालेल ते बघायला.

सी-१०२ : ये ना, सकाळी अकरानंतर. खेळणी भरून, टेप आणि पत्ता लावूनच आण. वजन बंद खोक्याचं करायचं असतं. पाचशे ग्रॅमच्या टप्प्यावर दहा ग्रॅमची टेपही पुढच्या दरात ढकलते. मोजपट्टी माझ्याकडे आहे, वजनकाटा तेवढा डी-४०२ कडून आण.

डी-४०२ : काटा दारात काढून ठेवतो.