मदत हवी आहे: पार्किंग नाकारल्याबद्दल वकिलाशिवाय फेडरल दावा (न्यू जर्सी)

एडिसनकर: दारालगतची पार्किंगची जागा राखून द्यावी, अशी विनंती डॉक्टरांच्या पत्रासह संकुलाच्या व्यवस्थापनाकडे केली होती, ‘जो आधी येईल त्याची जागा, नियम सर्वांना सारखा’ एवढेच उत्तर आले. वकील परवडत नाही, म्हणून दावा मीच दाखल करणार आहे. कोणता अर्ज भरायचा, तेवढेच सांगावे.

सुमेधा_एनजे: नकार कधी मिळाला? घरांबाबतच्या भेदभावाला मनाई करणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये १९८८ साली अपंगत्वाचा समावेश झाला. त्याखाली दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, तर हडकडे (अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे) तक्रार एका वर्षातच करावी लागते. ती तक्रार निःशुल्क असून, ती प्रलंबित असेपर्यंतचा काळ दाव्याच्या मुदतीत मोजला जात नाही. आधी हडकडेच जावे.

जुना_भाडेकरू: तसे बंधन मुळीच नाही, आणि तिथली चौकशी किती रेंगाळते हे मी भोगले आहे. वकील नसलेल्यांसाठी दाव्याच्या अर्जाचा नमुना न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. शुल्क ४०५ डॉलर असून, ऐपत नसल्यास माफीचा अर्ज करता येतो. समन्स मात्र स्वतः बजावता येत नाही. पक्षकार नसलेल्या सज्ञान व्यक्तीकडून ते ९० दिवसांत बजावून घ्यावे. ‘अन्याय झाला’ असे मोघम न लिहिता, अपंगत्व कोणते, जागा का आवश्यक आणि नकार कोणी व केव्हा दिला, हे क्रमवार लिहावे.

पेन्शनर_कोथरूड: सोसायटी दाद देत नसेल, तर सरळ उपनिबंधकांकडे अर्ज करावा. आमच्याकडे तसेच झाले.

सुमेधा_एनजे: काका, हे प्रकरण अमेरिकेतले आहे. एडिसनकर, डॉक्टरांचे पत्र नक्की कोणाबद्दल आहे?

एडिसनकर: आईबद्दल. ती वॉकर घेऊन चालते. भाडेकरार माझ्या नावावर आहे, तिचे नाव केवळ रहिवासी म्हणून नोंदलेले आहे. त्याने काय फरक पडतो?

जुना_भाडेकरू: मोठाच फरक पडतो! वकील नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीने दावा चालवता येत नाही, मग ती सख्खी आई का असेना. सोबत राहणाऱ्या व्यक्तीच्या अपंगत्वावरून झालेल्या भेदभावाबद्दल आपल्याला स्वतःच्या नावाने दाद मागता येईल. परंतु आईंच्या मागणीसाठी त्यांनी स्वतः वादी होऊन सही करायला हवी. याच कायद्यात न्यायालयाकडे वकील नेमून मागण्याचीही तरतूद आहे. मात्र न्यायालय तो नेमेलच, असे नाही.

सुमेधा_एनजे: म्हणूनच हड म्हणत होते, तिथे तक्रार दाखल करताना आईंना आपली मदत घेता येईल. नकाराची तारीख अजूनही आपण सांगितलेली नाही.