पिकअपवर एक्सपिडिशन कॅम्पर बनवायचाय, पेटी चेसिसला डायरेक्ट बोल्ट करू का?

शेडवाला_वाळूज

नमस्कार मंडळी. वाळूजला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, दुधाच्या गाड्यांच्या पफ (थंडावा टिकवणारा फोम) भरलेल्या बॉड्या, पाण्याचे टँकर, ट्रॉल्या असली कामं ११ वर्षांपासून करायलो. मागच्या आठवड्यात अंबाजोगाईचे रिटायर्ड गुरुजी आणि बाई आले होते, दोघंही शाळेत शिकवायचे, आता त्यांना गाडीतच राहून फिरायचंय, आधी स्पिती-लडाख, मग नेपाळ. त्यांच्याकडं ४x४ बोलेरो पिकअप आहे, मागचा हौदा काढून तिथं झोपायला, स्वयंपाकाला आणि संडासाला जागा असलेली पेटी बसवून द्या म्हणतात. मोबाइलवर जर्मनीतल्या गाड्यांचे फोटो दाखवले, युनिमॉग आणि मॅन ह्या तिकडच्या ट्रकवर बसवलेल्या पेट्या, आणि म्हणाले याच धर्तीवर पण आपल्याला झेपंल एवढी करा. खरं सांगतो ते फोटो बघून मला रात्री झोप आली नाही, असं काम आपल्या शेडमधून निघावं असं लई वाटायलंय.

पण अडचण अशी की मी आजवर जे बनवलं ते डांबरी रस्त्यावर चालणारं. दुधाच्या गाडीची बॉडी यू बोल्ट मारून चेसिसला आवळली की काम झालं. ह्याला तसं चालंल का? आणि पत्रा वापरू का एफआरपी (फायबरचं प्लास्टिक)? पेटी ३ मीटर लांब, १.८ रुंद, १.९ उंच धरलीय. आरटीओचं पण कुणाला माहीत असंल तर सांगा. गुरुजींनी आयुष्यभराची पुंजी बाजूला काढलीय, मला त्यात चूक करायची नाही.

टँकरवाला_लातूर

डायरेक्ट आवळू नका. आमच्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून टँकरचं काम एवढं वाढलं की मी गॅरेज सोडून टँकरच बांधायलो, त्यामुळं हे सांगतो ते हातानं केलेलं सांगतो. चेसिस म्हणजे दोन लांब चॅनल आणि आडव्या पट्ट्या, ती पिळली जाते, पिळली जावी म्हणूनच तशी बनवलेली असते. शेताच्या बांधावरनं गाडी तिरकी चढली की पुढचं उजवं चाक वर आणि मागचं डावं वर, मधी चेसिस कपडा पिळल्यासारखी होती. टाकी पिळत नाही. मग दोघांपैकी एक फाटणार, एकतर टाकीचा वेल्ड नाहीतर चेसिस.

आम्ही काय करतो, टाकीखाली सबफ्रेम म्हणजे वेगळी लोखंडी चौकट घालतो, तिचा मागचा भाग प्लेट लावून पक्का, आणि कॅबिनच्या मागं जो पुढचा बोल्ट आहे त्याच्या नटाखाली जाड स्प्रिंग घालतो. गाडी पिळली की पुढच्या बाजूला सबफ्रेम बोट-दोन बोट उचलती आणि परत बसती. सबफ्रेम आणि चेसिसच्या मधी लोखंडावर लोखंड ठेवत नाही, साखर कारखान्यात बगॅसचा जुना कन्व्हेअर बेल्ट निघतो त्याच्या पट्ट्या कापून घालतो, वर्षानुवर्षं हालत नाहीत. आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूला गाइड प्लेट मारा पण त्या वर-खाली मोकळ्या पाहिजेत. आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नको, उभ्या बाजूला कंपनीची भोकं असतात तीच वापरा.

गोदाकाठ_गंगापूर

टँकरवाले भाऊ बोलले ते मी भोगलंय म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून पिकअपवर पेटी करून घेतली होती, नाव घेत नाही, माणसं चांगली होती पण त्यांनी सरळ आठ बोल्टांनी चेसिसला आवळून दिली. पहिल्या पावसानंतर नदीकडच्या रानात गेलो, रात्री मुक्काम करायचा म्हणून जरा उंचवट्याच्या कडेला गाडी लावली, एक मागचं चाक खड्ड्यात होतं, एवढं काय त्याकडं बघतो आपण. आई आत झोपली होती. पहाटे तिनं दार ढकललं तर उघडेना. बाहेरून मी ओढतोय, आतून ती ढकलतीय, कडी मोकळी आहे तरी दार चौकटीत असं गच्च बसलं होतं की जणू कुणी पाचर मारलीय. वरच्या कोपऱ्यात दार चौकटीला घासायलं होतं आणि खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, मी बॅटरी मारून बघितलं. शेवटी जॅक लावून खड्ड्यातलं चाक उचललं तेव्हा दार आपोआप सुटलं. तिला धाप लागायची सवय, ती १५-२० मिनिटं कशी गेली ते मलाच माहीत.

त्यानंतर कोपऱ्यातल्या सीलंटला चिरा पडल्या, चिरेतून आधी धूळ यायली, मग पावसाळ्यात पाणी, आणि दुसऱ्या वर्षी खालचा प्लाय कुजला. चूक फक्त बसवण्याची होती. दादा तुम्ही विचारताय हेच लई मोठं आहे. आणि आत कोंडायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून दारासमोर एक मोठी खिडकी अशी ठेवा जिच्यातून साठी उलटलेलं माणूस बाहेर येऊ शकेल.

नांदेडकर_स्टुटगार्ट

मी मूळचा नांदेडचा, सध्या जर्मनीत ट्रकच्या कामात आहे. बाड किसिंगेनला दरवर्षी ऑफरोड गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथं ह्या सगळ्या बनवणाऱ्यांच्या गाड्या खाली झोपून बघितल्यात, अक्षरशः झोपून, कारण खरी गंमत खालीच असती. जर्मनीची युनिकॅट, ऑस्ट्रियातली अ‍ॅक्शन मोबिल, नेदरलँड्सची ब्लिस मोबिल, सगळ्यांचं मूळ तत्त्व लातूरच्या भाऊंनी सांगितलं तेच आहे, की पेटीपर्यंत चेसिसचा पीळ पोचू द्यायचा नाही. ब्लिसवाले तर पेटीला शिपिंग कंटेनरसारखी कोपऱ्याची कुलपं देतात, पेटी उचलून दुसऱ्या ट्रकवर ठेवता येती.

युनिमॉगची चेसिस तर मुद्दामच खूप पिळणारी केलेली असते. ती गाडी मुळात शेतीसाठी, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४० च्या दशकात डिझाइन झाली, पोर्टल अ‍ॅक्सलमुळं (चाकापाशी गिअर देऊन वर उचललेला अ‍ॅक्सल) डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा मधला गोळा, चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतं म्हणून खाली एवढी जागा मिळती. त्यावर पेटी बसवायला दोन पद्धती जास्त दिसतात. एक तीन पॉइंटची, दोन टेकू पक्के आणि तिसरा मधोमध बिजागरीसारखा फिरणारा. तिपाई कशी खडबडीत जमिनीवरपण डुगडुगत नाही, तसं. दुसरी चार पॉइंटची, पतंगाच्या आकारात, पुढं मधी एक आणि मागं मधी एक फिरणारा टेकू आणि दोन्ही बाजूंना मधोमध दोन पक्के. तुमच्या पिकअपची चेसिस छोटी आहे, तिला एवढं लागणार नाही, मागं पक्कं आणि पुढं स्प्रिंग हे पुरेल. फक्त एक ध्यानात ठेवा, गुरुजींना कॅबिनमधून आत जायचा रस्ता पाहिजे असंल तर कॅबिन आणि पेटी वेगवेगळ्या हालणार, मधी रबराचा भाता लागतो, कडक जोड दिला तर पहिल्याच नाल्यात फाटंल.

पॅनलचं सांगतो. लडाखला जायचंय ना, मग आत लोखंडी स्क्वेअर पाइपचा सांगाडा आणि त्यावर पत्रा हे करू नका. पाइप जिथं आतून बाहेर जातो तिथून थंडी आत येती, रात्री दोन माणसांच्या श्वासाची वाफ नेमकी त्या पाइपवर जमती आणि सकाळी गादी ओली. युरोपात म्हणूनच एफआरपीच्या दोन थरांमधी पफ भरलेलं सँडविच पॅनल वापरतात, सांगाडाच नाही, कोपऱ्यावर पॅनल पॅनलला चिकटवतात.

शेडवाला_वाळूज

मंडळी, हात जोडतो. गंगापूरकर भाऊ, आईंचं वाचून अंगावर काटा आला. खिडकीचं पक्कं केलं.

नांदेडकरांचं वाचल्यावर काल रात्री वजनाचा हिशोब मांडला. पेटीच्या सहा बाजू मिळून २९ चौरस मीटर भरतात. माझ्या नेहमीच्या पद्धतीनं आतून-बाहेरून १.२ मिमी एमएस (साधा लोखंडी) पत्रा लावला तर नुसत्या पत्र्याचंच साडेपाचशे किलोच्या आसपास होतंय, सांगाडा वेगळा, फर्निचर वेगळं. तेच दीड मिमी एफआरपी दोन्हीकडून आणि मधी ४० मिमी पफ धरलं तर दोनशेच्या आतबाहेर. साडेतीनशे किलोचा फरक! म्हणजे गुरुजींचं पाणी, बॅटऱ्या, सामान सगळं त्या फरकात बसतंय. दुधाच्या गाड्यांमुळं पफ पॅनल दाबायचं प्रेस माझ्याकडं आहेच, हे आधी का सुचलं नाही.

पाणी-वीज-गॅसचं कुणी सांगाल का?

परभणीची_सुनिता

दादा, आम्ही नवरा-बायको जुन्या ट्रॅव्हलरमधी चार वर्षं फिरतोय म्हणून ह्यात थोडं कळतं. लडाखच्या थंडीचं सगळे बोलतात पण ती गाडी वर्षातले बाकीचे महिने अंबाजोगाईतच उभी राहणार, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात त्या पेटीत बाईंना स्वयंपाक करायचाय ते आधी बघा. छतावर पांढराच रंग, सोलर पॅनल छताला चिकटवू नका, खालून वारा जाईल एवढं उचलून लावा, पॅनलची सावली छताला मिळती. दोन समोरासमोरच्या खिडक्या आणि छताला एक बाहेर फेकणारा पंखा, एवढ्यानं रात्रीचा जीव वाचतो.

एसीचा मोह होईल. हिशोब असा, १२.८ व्होल्ट २०० एएचची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी पूर्ण जोरावर तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे दोन-अडीच तासांत बॅटरी झोपली. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून आम्ही छोटा कूलर ठेवलाय, तो रात्रभरपण चालतो, पण तो रात्री बादली-दोन बादल्या पाणी पितो आणि मे महिन्यात पाणी मागायला कुणाच्या दारात जायचं हा प्रश्न असतोच. बीडच्या रस्त्यावर एकदा एका आजीनं स्वतःच्या घागरीतलं पाणी आमच्या टाकीत ओतलं होतं, तेव्हापासून कूलर फक्त दुपारी. टाकी शंभर लिटरची पुरे, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, खाली आणि मागच्या चाकाच्या जरा पुढं ठेवा, आत आडव्या जाळ्या घाला नाहीतर वळणावर पाणी गाडीला ढकलतं, हे टँकरवाल्या भाऊंना मी काय सांगावं.

गॅसची टाकी आत ठेवायचीच असंल तर तिला वेगळा बंद कप्पा करा, त्याचं तोंड बाहेरून, आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की खाली साचतो, भोक वर ठेवून उपयोग नाही. अमेरिकेत अशाच गाड्या बनवणाऱ्या अर्थरोमरवाल्यांनी तर गॅस काढूनच टाकलाय, सगळं डिझेल आणि विजेवर. थंडीसाठी डिझेल हीटर घ्या, धुराचा पाइप बाहेर, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. पेटीत शेगडी पेटवून कुणी झोपू नये, कितीपण थंडी असो.

आणि संडास. बाईंना विचारा, गुरुजींना नाही. बाया गाडीत फिरायला का नाही म्हणतात त्याचं निम्मं कारण तेच आहे. कॅसेटवाला (खालची टाकी काढून रिकामी करता येती असा) पोर्टेबल संडास चालतो, पण दार लागलं पाहिजे, नुसता पडदा नको.

काळ्या_रानातला

४x४ आहे म्हणून पाऊस पडल्यावर काळ्या रानात घालू नका एवढंच सांगा त्यांना. चिखल टायरच्या नक्षीत भरतो आणि चाक गुळगुळीत होतं, मग चारी चाकं फिरून काय उपयोग. दोन दिवस ऊन पडू द्यावं. नाहीतर ट्रॅक्टर. म्हणून पुढं-मागं दोन-दोन टो हुक चेसिसला, पेटीला नाही.

कागदपत्र_एमएच२४

मी आरटीओच्या कामात बरीच वर्षं आहे. सगळ्यांनी छान सांगितलं पण कागद राहिला आणि तोच आधी. गुरुजींची पिकअप मालवाहू म्हणून पासिंग झालेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मधी सुप्रीम कोर्टानं ह्यावर कडक निकाल दिलाय. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ म्हणून वेगळं मानक आहे, पुण्याच्या एआरएआय ह्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत त्याची तपासणी होती. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमधी मोडती हे चांगलं आहे, पण तिथपर्यंत कागद नेला पाहिजे. महाराष्ट्रानं २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, ते वाचून ठेवा पण त्यानं कलम ५२ सुटत नाही. 'बोलेरो कॅम्पर' नावाची गाडी म्हणजे डबल कॅबिनची पिकअप, नावावरून कुणी फसू नका.

तुम्ही ग्राइंडर लावायच्या आधी ड्रॉइंग, वजन आणि अर्ज घेऊन गुरुजींना अंबाजोगाईच्या ऑफिसात पाठवा, एमएच-४४ तिथंच आहे. लेखी घ्या. इन्शुरन्स कंपनीलापण लेखी कळवा, नाहीतर घाटात काही झालं तर क्लेम अडकतो. आणि गाडी चालू असताना मागच्या पेटीत कुणी बसायचं नाही. नेपाळला कार्नेट (गाडी परदेशात न्यायचा कस्टमचा कागद) लागत नाही, सीमेवर भन्सार म्हणजे तिथला कस्टमचा कर भरून आत जाता येतं.

शेडवाला_वाळूज

आज गुरुजींना फोन केला. ड्रॉइंग मी काढून देतो, कागद झाल्याशिवाय हौद्याचा एकपण बोल्ट काढणार नाही असं सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "अहो, एवढं आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही." संडासाचं बाईंनाच विचारलं. दार पाहिजेच म्हणाल्या, आणि आरसा.

परवा ते गाडी घेऊन येतायत. तोपर्यंत स्प्रिंगवाला सबफ्रेम कागदावर करतो, पण आधी उजवं मागचं चाक फूटभर उचलून चेसिसच्या दोन्ही टोकांना किती पीळ येतो त्याचं माप घेणार आहे.

टँकरवाला_लातूर

माप घेताना हौद्यात हजार किलो वजन टाका, वजनकाट्यावर तोलून. रिकाम्या गाडीचा पीळ वेगळा आणि भरलेल्याचा वेगळा येतो. स्प्रिंग कोणती ते माप आल्यावर सांगतो, माझ्याकडं दोन जाडीच्या पडून आहेत, लातूरहून बसनं पाठवून देईन.