क्रिएटिनिन आणि मुलाची उंची
लहान मुलाच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ मिग्रॅ/डेसिली, म्हणजे अहवालावरील मर्यादेत असताना मूत्रपिंडाचा जुनाट आजार कसा, असा प्रश्न पडू शकतो. अहवालावर छापलेली मर्यादा बहुधा प्रौढांची असते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे लहान मुलांमध्ये ते मुळातच कमी असायला हवे. म्हणून मुलांच्या मूत्रपिंडांची गाळणक्षमता काढायला श्वार्ट्झ सूत्र वापरतात: सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागायचे. १०० सेंमी उंचीच्या मुलात ०.९ म्हणजे गाळणक्षमता सुमारे ४६ (मिली/मिनिट/१.७३ चौ.मी.), आणि ती तीन महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली तर आजाराचा पाचपैकी तिसरा टप्पा. (उंची न विचारता क्रिएटिनिन ठीक असल्याचा दिलेला निर्वाळा मला म्हणूनच अपुरा वाटतो.) मुलांमध्ये कारण बरेचदा जन्मजात रचनादोष हे असते, अशा मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नसल्याने मूल सतत पाणी मागते, रात्री अंथरूण ओले करते, आणि लघवी भरपूर होते म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही.